वाडगं

भोर,
६ मे २०२४

ती. दादास,
शि. सा. न.

फोनवर बोलायला गेलं की आपलं भांडण होतं आणि भांडायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. म्हणून कागद घेतला.

काल नानांना वाचा-उपचाराच्या बाईंकडे नेलं. झटका आल्यापासून नानांना किती कळतं, तेच त्यांना बघायचं होतं. त्यांनी आकृत्यांची कार्डं समोर मांडली. मला बरं वाटलं होतं, म्हटलं, जन्मभर भोरच्या पोरांना भूमिती शिकवलेला माणूस इथे तरी पास होईल. वर्तुळ दाखवलं तर नाना म्हणाले, वाडगं. चौरस दाखवला, तरी वाडगंच. त्रिकोणाला काहीतरी पुटपुटले, ते लागलं नाही. लहानपणी शेरडं कोंडायचं ते वाडगं त्यांच्या डोक्यात बसलंय, दुसरं काय. बाई म्हणाल्या, एकच शब्द जिभेला चिकटतो असं होतं, पण समज फारशी राहिलेली दिसत नाही.

रिक्षात बसेपर्यंत मला रडू आवरलं नाही. त्यांना उचलून माझी कंबर गेलीय आणि ऑफिसातली रजा संपलीय. पुण्याच्या त्या वृद्धाश्रमाचं तू म्हणत होतास, मी नको म्हणत होते. आता ठरव बाबा. प्रेरणावहिनींना नमस्कार. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
रत्ना

पानशेत,
११ मे २०२४

चि. रत्नास,
अ. आ.

पत्र पोचलं. रागावलो नाही, रागवायला सवड कुठे आहे? शनिवार-रविवार पुण्याची माणसं खानावळीत पाय ठेवायला जागा ठेवत नाहीत. प्रेरणा तर झोपेतही पिठल्याची ऑर्डर घेते.

वृद्धाश्रमात बोलून ठेवलंय. जूनच्या पहिल्या आठवड्यात नानांना न्यायचं. तू मनाला लावून घेऊ नकोस. कळत असतं तर मीही धजावलो नसतो. मागच्या खेपेला त्यांच्या खाटेपाशी उभं राहून आपण सगळं बोललो, तेव्हा नुसती मान हलवत होते. त्यांना आता भोर काय आणि पुणं काय.

न्यायच्या आधी एकदा भावाला बघायचं म्हणून सारजाआत्याचा वेल्ह्याच्या वस्तीवरून निरोप आलाय. तिला येऊ दे. तंबाखूवरून तिच्याशी वाद घालू नकोस, ती ऐकायची नाही. जेवत जा वेळेवर.

तुझा दादा,
इंद्रजित

भोर,
१९ मे २०२४

ती. दादास,
शि. सा. न.

आत्या येऊन दोन दिवस राहिली आणि आज दुपारच्या एसटीने गेली. झालं ते सरळ सांगते, नीट वाच.

बाईंनी सरावाला दिलेली कार्डं खाटेवर पडली होती. आत्याने वर्तुळ उचललं आणि म्हणाली, "ह्ये वाडगं व्हय रं, ज्ञानू?" नाना म्हणाले, "व्हय." मग तिने कडेला फट असलेलं वर्तुळ पुढे केलं. ते मात्र त्यांनी बाजूला सारलं. म्हणाले, "न्हाई. शेरडं जात्यात." फट असलेला चौकोनही तिकडेच सारला. वर्तुळ, चौरस, लांबट चौकोन, जे जे चहूबाजूंनी बंद ते एका ढिगात, आणि जिथून शेरडं निसटतील ते दुसऱ्या. एक चूक नाही. त्रिकोणाला म्हणाले खोप, आणि वरच्या टोकावर बोट ठेवून झोपडीच्या छपरावरून पाणी कसं ओघळतं ते दाखवलं.

बाईंच्या हिशेबी फटीचं वर्तुळ हे वर्तुळच, फक्त अपुरं. नानांच्या लेखी ते वाडगंच नव्हे, ती वेगळीच वस्तू. गोल की चौकोनी हे त्यांच्या वस्तीवर कुणी विचारतच नव्हतं, आत जनावर राहतं का एवढंच विचारायचे. वर्तुळ आणि चौरस ते डोंगर उतरून शाळेत आल्यावर शिकले. झटक्याने शाळेतलं नेलं आणि वस्तीवरचं ठेवलं. आपल्याला ते कळणार कसं? घरात चुकून "न्हाई" म्हटलं तरी हेच नाना आपल्याला पुन्हा नीट बोलायला लावायचे.

हे सगळं आनंदाने लिहिलं असतं रे. पण स्टँडवर एसटीत चढताना आत्याने माझा हात धरला. म्हणाली, नानांनी तिला विचारलं, "पोरं मला कुठं धाडत्यात?" आणि तिने काही सांगायच्या आत स्वतःच म्हणाले, "रत्नी लई दमली. जाऊ दे."

म्हणजे खाटेपाशी आपण बोललो ते सगळं त्यांना कळलं होतं. ती मान ते आपल्याला होकार म्हणून हलवत होते.

दादा, माझी कंबर अजून दुखते आणि मी अजून तितकीच दमलेली आहे. पण आता हे मला एकटीला ठरवता येणार नाही. तू ये, त्यांच्यासमोर बस आणि त्यांना कळेल असं सांग, की कुठे नेतोय आणि का. तुला सांगता आलं तर मी त्यांचे कपडे भरून देते. येशील तेव्हा माझ्यावर चिडून येऊ नकोस, एवढंच मागते.

तुझी,
रत्ना

पानशेत,
२३ मे २०२४

चि. रत्नास,
अ. आ.

दोन दिवस गल्ल्यावर बसून नानांना काय सांगायचं ते जुळवत होतो. जुळलं नाही. वृद्धाश्रमाला नको म्हणून कळवलं.

रविवारी खानावळ बंद ठेवून येतो. नानांना इकडे आणतो. प्रेरणा कुरकुरली, मग मागची खोली झाडायला गेली. किती दिवस निभावेल ते मलाही माहीत नाही. तू आधी झोप काढ.

सारजाआत्याला सांग, महिनाभर इकडे येऊन राहा, तंबाखू मी पुरवतो. मला तिच्याकडून बोलायला शिकायचंय. नाहीतर मी आपला बोलत राहीन आणि नाना सगळ्याला मान हलवत राहतील.

तुझा,
दादा