शिक्का मारलेला कोरा कागद

हा-रामोखेले गाव,
१४ ऑगस्ट १९८९

प्रिय त्सेलिसो,

खोत्सो! घरात शांती आहे, तुझ्या खाणीतही असो. हिवाळा सरत आला तरी डोंगरावर अजून बर्फ आहे. तुझं धाकटं आता धरून धरून चालतं आणि न्थातीला घटकाभर बसू देत नाही. तू पाठवलेलं ब्लँकेट आईच्या अंगावर आहे. ती जेवते, मक्याच्या पिठाची पापा जरा पातळ करून द्यावी लागते.

पासपोर्टसाठी तू मागितलेला आईचा दाखला, गावची प्रमुख मोरेना म्हणून दिलेला, सोबत आहे. शिक्का ठळक उठलाय, तुझं कंत्राट अडणार नाही.

काकांची आणि माझी जुंपली, ते तुझ्या कानावर आलंच असेल. राखीव कुरणात त्यांची अकरा गुरं सापडली. मी ती कोंडवाड्यात घातली. काका दारात येऊन ओरडले, "काल शेंबूड पुसत होतीस, आज माझी गुरं कोंडतेस? बोलव तुझ्या आईला!"

मी म्हटलं, "आईचाच हुकूम आहे, काका. आणि गवताला काय ठाऊक, कुणाची गुरं मोरेनाच्या दिराची ते!"

लोक हसले. काका हसले नाहीत. मला बाजूला सारून ते थेट आत आईपाशी गेले.

त्सेलिसो, आता सांगायलाच हवं. आई ईस्टरनंतर बोललेली नाही. उजवा हात पडलाय. तुला कळवलं असतं तर तू काम टाकून धावत आला असतास, आणि घरी बसलेल्याला खाण परत घेत नाही. म्हणून लपवलं. चुकलं माझं. आजारी पडल्यावर तिने डाव्या हाताने शिक्क्याची डबी माझ्याकडे सरकवली. तेव्हापासून दाखले, भांडणं, कुणाला कुठली जमीन, सगळं मीच केलं, तिच्या नावाने. तुला आलेली तिची पत्रंही माझीच.

काकांनी गावसभा बोलावलीय, येत्या महिन्याच्या दोन तारखेला. वरच्या मोरेनांचा माणूस येईल. वारस तू. तू खाणीत असताना तुझ्या जागी कोण बसणार, ते तुझ्या लेखी शब्दावर ठरेल. शब्द आला नाही तर काका बसतील. मग त्यांची गुरं कुरणात आणि बाकीच्यांची कोंडवाड्यात, हे मी तुला आजच सांगते.

रिवाजाने तुझी बायको बसू शकते. न्थाती म्हणते, "मला माझी एक चूल पुरे, बाई." चार वर्षांपूर्वी दुसऱ्या गावाहून आलेली सून चालते, या घरात जन्मलेली लेक चालत नाही! बहिणीला बसवल्याचं इकडे कुणी ऐकलेलं नाही. तू नाव घेतलंस तर काका तुला भर सभेत बायल्या म्हणतील, तेही खरं.

मी आईसाठी केलं, गावासाठी केलं, असं लिहिणार होते. पण मला ते काम आवडतं रे. सकाळी माणसं अंगणात येऊन बसतात, मी ऐकून घेते, आणि भांडत आलेले दोघं एकाच वाटेने परत जातात. हे सुटलं तर माझं काय उरेल?

दाखल्याच्या मागे आणखी एक कागद आहे. त्यावर फक्त शिक्का आहे. कोऱ्या कागदावर कधी शिक्का मारायचा नाही, हे आईचं पहिलं सांगणं. ते मी आज मोडलं, तिच्या देखत. तिने पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. होकार की राग, मला कळलं नाही.

त्यावर नाव लिही. काकांचं, न्थातीचं, किंवा तुला वाटेल त्याचं. मीच लिहून टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं. चार महिने दुसऱ्याच्या नावाने लिहून हात चांगला वळलाय. पण हे एक नाव मला दुसऱ्याच्या हातचं हवंय.

दोन तारखेच्या आत पोचव.

या वेळी आईच्या नावाने नव्हे,
तुझी ताई,
लिम्फो