फॉर्मवरचा एक रकाना

दि. ९ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात? गोटी पहिलीत गेली असेल ना? समोरचे दात पडले का तिचे?

एवढं जाड पाकीट बघून तुला धसका बसला असेल, कोण गेलं म्हणून. कोणी गेलेलं नाही. उलट एकजण यायची आहे.

आम्ही मुलगी दत्तक घेतोय, परदेशातून. इथल्या यादीत आमच्या वयामुळे नंबर लागेना. मुलगी तीन वर्षांची आहे. एकच फोटो मिळालाय. त्यात एका पायात मोजा आहे, दुसरा तिने हातात घट्ट धरलाय. ही तो फोटो दिवसातून दहा वेळा बघते. मी अकरा वेळा.

दीड वर्ष कागदांच्या मागे आहोत. एक दाखला हातात येईतो दुसऱ्याची मुदत संपते. माझं तर बोटांच्या ठशांवरच घोडं अडलं. वीस वर्षं चष्म्याच्या काचा घासून बोटं अशी गुळगुळीत झालीत की ठसाच उठेना. पोलिसांनी दोनदा अर्ज परत केला. तिसऱ्या वेळी तिथला माणूस वैतागून म्हणाला, "काका, तुम्ही चोरीच करायला हवी होती, जन्मात सापडला नसता!" शेवटी मालकांनी मला पंधरा दिवस मशीनपासून लांब, काउंटरवर बसवलं. ही रोज बोटांना तेल चोळायची. मग उठले एकदाचे.

फीचा आकडा ऐकून डोळेच पांढरे झाले होते. स्वतःच्या दुकानासाठी साठवलेलं सगळं त्यात गेलं. भाषांतर करणारे तर शब्दावर पैसे घेतात. हिने आमच्याबद्दल दोन पानं लिहिली होती, ती कापत बसलो. सात ठिकाणी 'अतिशय' होतं, सातही उडवले.

आता मूळ कामाचं. सोबत एक फॉर्म आहे. आमचं दोघांचं काही बरंवाईट झालं, तर मुलीला कोण सांभाळेल, त्या माणसाची संमती लागते. आम्ही तुझं नाव दिलंय. तीस तारखेच्या आत सही हवी, नाहीतर आमच्या वैद्यकीय दाखल्यांची मुदत संपेल आणि फाईल पुन्हा तळाशी जाईल.

खरं तर इथेच पत्र संपवून पाठवणार होतो. तू सही केली असतीस, मला ठाऊक आहे.

गोटी पोटात असताना तू मला एकट्याला बोलावून म्हणालीस, "हे तिसरं तुमच्या ओटीत घालते." बारा दिवसांनी मी येऊन सांगितलं, "ही नको म्हणते." तेव्हापासून तू हिच्याशी बोलत नाहीस. तिने फोन केला की तू मुलांच्या हातात देतेस.

ताई, ती नको म्हणाली नव्हती. मी तिला विचारलंच नव्हतं.

माझ्या शाळेची फी तू भरलीस. पहिली नोकरी दाजींच्या शब्दावर लागली. लग्नातला कोटही तूच शिवून घेतलास. मूलही तुझ्याकडूनच घ्यायचं, हे माझ्याने गिळवेना. तुला तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून हिच्या नावावर ढकललं. सहा वर्षं ही मला विचारत राहिली, "माझं काय चुकलं हो ताईंच्या बाबतीत?" आणि मी म्हणत राहिलो, "ताईचा स्वभावच तसा." मला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात संस्थेच्या बाई घरी चौकशीला आल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "नात्यातलं कुणी मूल देऊ केलं होतं का?" सगळे कागद खरे केले, आणि इथे खोटं बोलायला माझी जीभ रेटेना. मी हो म्हणालो. ही शेजारीच बसली होती. बाई गेल्यावर तिने माझ्याकडून सगळं काढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आधी ताईंना सगळं लिहा, मग सही मागा. नाहीतर मी अर्जावरची माझी सही काढून घेते." ती घेईल, ताई. तो फोटो उशाशी ठेवून झोपणारी बाई आहे, तरी घेईल.

तेव्हा हे वाचून सही करावीशी वाटली तर कर. नाही वाटली तर कोरा फॉर्म परत पाठव. मी कारण विचारणार नाही. तो हक्क मी घालवलाय. पण हिच्याशी एकदा बोल. तिचा यात काडीचा दोष नाही.

आणखी एक. फॉर्मवर 'मुलीशी नातं' असा रकाना आहे. मी तिथे पेन्सिलने 'आत्या' लिहून ठेवलं होतं. हिने ते खोडरबराने पुसलं. म्हणाली, "तो शब्द ताईंचा आहे. लिहायचा असेल तर त्या लिहितील."

तुझ्याशी आणि हिच्याशी, दोघींशी खोटं बोललेला,
तुझा धाकटा