लाल रंगाच्या सळया

३ फेब्रु. वरसे
टेम्पोतून सळया उतरल्या त्या लालभडक! गेटला मारतात तो रंग. मोठ्या भावजींची ऐट बघावी. ‘बघ सुनंदा, गंजायचं नावच नाय.’ पुढच्या खोल्यांवर स्लॅब, वर भावजी राहणार, खाली आम्ही. त्यांची फरशी, माझं छप्पर. सळया मात्र एकट्याने निवडल्या. ‘डोलवीच्या पोलाद कारखान्यात कामाला हाय मी, लोखंडातलं मला नको सांगू.’ कँटीनचं कंत्राट आहे हो तिथे!

५ फेब्रु.
सुरीने रंग खरवडला. खाली गंजाचे पापुद्रे. जाऊबाई बोलून गेल्या, ‘पावसाळाभर आमच्या मिठाच्या खोपीत होत्या गो, जिते गावाला. फुकटची जागा.’ मिठात लोखंड! लोणच्याच्या बरणीत लोखंडी चमचा घातला तर हीच बाई बोंबलते.

६ फेब्रु.
माझी जुनी विद्यार्थिनी रोह्यात इंजिनीयर आहे. फोटो पाठवले, लगेच फोन. रंगामुळे काँक्रीट सळीला धरणार नाही, आतलं मीठ गंज थांबू देणार नाही, पुढे स्लॅब फुटेल. परत पाठवा, बाई. घरात सांगितलं. भावजी: ‘कालची पोर!’ हे पेपरात डोकं घालून. अहो, बोला की! पान उलटलं.

८ फेब्रु.
कडाक्याचं भांडण. टेकू-फळ्या लावून झाल्यात त्याच खोलीत सासूबाईंची खाट येणार. म्हटलं, ह्या सळया म्हातारीच्या डोक्यावर चढू देणार नाही. भावजी एकदम मऊ. ‘बरं बाई, तूच निवड. उद्या पेणला जा दोघं.’ जिंकले की काय? रात्री गोडाचा शिरा केला. सगळ्यांनी खाल्ला, भावजींनी दोनदा घेतला.

९ फेब्रु.
पेणला दुकानात सळया निवडल्या. कोऱ्या, खोपीत न पडलेल्या. मग ह्यांना मिसळ खायची. मग गणपतीचे कारखाने दाखवायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी काही दाखवलं नाही, आज गणपती! मीही वेडी, हरखून बघत राहिले.
घरी आलो तर दारात मिक्सर धुणं चाललेलं. स्लॅब भरून मोकळे! जाऊबाई पेढे घेऊन पुढे. ‘घे गो.’
हे चपला काढत होते, संपतच नव्हत्या काढून.
‘तुम्हाला ठाऊक होतं?’
‘दादाचा मुहूर्त होता.’
पेढा तुळशीत फेकला.

१२ फेब्रु.
नव्या सळया आल्या. अंगणात पडल्यात. भावजी रोज त्यांच्यावरून उडी मारून स्लॅबला पाणी घालायला जातात. मेलं ते लक्षण. ह्यांच्याशी अबोला.

२६ फेब्रु.
टेकू काढायला माणसं आली. दारात उभी राहिले. हात लावून दाखवा म्हटलं. भावजी: ‘वेड लागलंय हिला.’ लागू दे. माणसं गेली, उद्या येतो म्हणाली. भावजी सासूबाईंची खाट आत न्यायला निघाले, तर म्हातारी स्वतःच म्हणाली, ‘मी हितंच पडवीत बरी.’
दुपारी हे जेवले, गादी उचलली आणि आत टेकूंच्या मधोमध अंथरली. ‘दादा माझं वाईट करील काय?’
त्यांची उशी मी काढून घेतली.
तसेच झोपलेत, उशीशिवाय. घोरताहेत. मी दोनदा दारापर्यंत जाऊन वर बघून आले.