‘निरोगी’ बाटलीत मिसळू नये

प्रति,
मा. विभागप्रमुख,
रक्तचाचणी सेन्सर विभाग,
कर्करोग संशोधन संस्था

विषय : माझ्या दिवंगत पत्नीच्या रक्तद्रवाची शेवटची कुपी ‘निरोगी’ असे लिहिलेल्या बाटलीत न मिसळण्याबाबत.

संदर्भ : माझा मंगळवारचा अर्ज व आपल्या कार्यालयाचे कालचे उत्तर.

महोदया,

१. सोमवारी दुपारी सव्वाबारा वाजता आपल्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ बाईंचा मला फोन आला. त्या म्हणाल्या, “काका, जुना फ्रीझर रिकामा करतायत. काकूंची कुपी निरोगी लोकांच्या खोक्यात लावलीय. गुरुवारी सगळ्या एकत्र ओतणार.” मी विचारले, “चुकून लावली का?” त्या म्हणाल्या, “चुकून असती तर मीच उचलून ठेवली असती. नियमानं लावलीय.”

२. माझी पत्नी शिवणाच्या दुकानात कापड बेतण्याचे काम करीत असे. गेल्या वर्षी अंडाशयाच्या कर्करोगाने ती वारली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तिने आपल्या अभ्यासासाठी रक्त दिले. आपली रक्त तपासण्याची पट्टी बोटाच्या पेराएवढी आहे व तिच्या टोकाशी एक काळा ठिपका आहे. त्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या असून, गाठीतून रक्तात उतरणारे एक प्रथिन धरून ठेवणारा थर त्यांवर चढवलेला असतो. प्रथिन अडकले की ठिपक्यातून वाहणारी वीज घटते. हे सर्व तंत्रज्ञ बाईंनी आम्हा दोघांना समजावून सांगितले. पत्नी म्हणाली, “आठ महिने पोट दाखवत हिंडतेय. एक म्हणतो गॅस, दुसरा म्हणतो वय झालं. ह्या ठिपक्याला तरी कळू दे बाई.” नंतर तिने त्यांची बाही धरली. “आणि हा कोट कुणाचा घातलाय? बाह्या बोटांवर येतायत. काढा इकडे, आखूड करून देते.” तिने खाटेवर बसून दोन्ही बाह्या आखूड करून दिल्या. तिच्या कुपीचा क्रमांक त्या बाईंच्या लक्षात राहिला तो यामुळे. त्यांनी मला फोन केला याबद्दल त्यांच्यावर ठपका ठेवू नये, ही विनंती येथेच नोंदवतो.

३. ठिपक्याला कळले नाही. पत्नीच्या रक्ताने वीज घटली नाही. नवीन पट्टी घेऊन पुन्हा पाहिले, तरी तेच. काही स्त्रियांच्या गाठी हे प्रथिन रक्तात पुरेसे सोडतच नाहीत, असे मला सांगण्यात आले. ते मी मान्य केले. त्याबद्दल तेव्हा तक्रार केली नाही, आजही नाही.

४. तक्रार त्यानंतरच्या कार्यवाहीबद्दल आहे. अभ्यास संपल्यावर सहभागी व्यक्तींची नावे पुसण्यात आली, तेही योग्यच. मात्र उरलेल्या कुप्यांची वाटणी रोगावरून न करता पट्टीवर वीज किती घटली त्या आकड्यावरून करण्यात आली. आकडा जास्त तो रुग्ण, आकडा कमी तो निरोगी. निरोगी ठरलेले रक्तद्रव आता एका बाटलीत ओतले जाणार आहेत. आपली नवी पट्टी आणखी दोन प्रथिने शोधणार आहे आणि निरोगी रक्त कसे असते, हे तिला या बाटलीवरून शिकवले जाणार आहे. म्हणजे माझ्या पत्नीच्या रक्तात जे काही होते, ते निरोगीपणात धरले जाईल. उद्या तिच्यासारखी दुसरी बाई पोट धरून आली, तर नवी पट्टी तिलाही ठीक आहे म्हणून घरी पाठवील.

५. माझ्या अर्जाला आपल्या कार्यालयाने तीन उत्तरे दिली. नावे पुसलेली असल्याने ही कुपी माझ्या पत्नीची आहे, हे मानता येत नाही. कुपी कोणाचीही असली तरी एवढ्या मोठ्या बाटलीत एका कुपीने फरक पडत नाही. आणि तिचा आकडा निरोगी मर्यादेत असल्याने तिला बाजूला काढण्यास कारण नाही.

६. पहिल्या उत्तराबद्दल : ज्या बाईंनी रक्त काढले व पट्टीवर टाकले, त्या आपल्याच नोकरीत आहेत. त्यांना विचारावे. दुसऱ्याबद्दल : फरक पडत नसेल, तर एक कुपी बाहेर ठेवल्यानेही पडू नये. तिसऱ्याबद्दल मला एवढेच विचारायचे आहे की, आपल्या दप्तरी माझी पत्नी निरोगी असेल, तर तिला घरी कधी सोडणार ते लेखी कळवावे. सांगाल त्या वेळी मी न्यायला येईन. चष्मा व चपला घेऊन येईन. तिला जिना चढवत नसे, परंतु निरोगी असल्यास तो प्रश्न येणार नाही.

७. वरील परिच्छेद अर्जात शोभत नाही, याची मला कल्पना आहे. तो तसाच राहू द्यावा.

८. कुपी मला परत नको. संमतिपत्रानुसार ती संस्थेची आहे आणि पत्नीने सही राजीखुशीने केली होती. माझी मागणी अशी की, ती कुपी रुग्णाची म्हणून वेगळी ठेवावी. नवी पट्टी तयार झाल्यावर कुपीतला एक थेंब तिच्यावर टाकावा. पट्टीने ओळखले, तर जुनीपेक्षा नवी सरस असल्याचा तो पुरावा होईल. न ओळखले, तर तसे अहवालात लिहावे. मी वर्तमानपत्रात काम करतो. आमच्याकडे मृतांच्या यादीत जिवंत माणसाचे नाव छापले गेले, तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावीच लागते. येथे उलट प्रकार घडला आहे. निरोग्यांच्या संख्येतून एक वजा करावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

९. हा अर्ज आपल्या दालनाबाहेरील बाकावर बसून लिहीत आहे. मॅडम बैठकीत आहेत, दोन वाजता येतील, असे शिपाई सांगतात. “द्या, शिक्का मारून ठेवतो. पण शिक्क्यानं काही थांबत नाही हं, आजोबा,” असेही ते म्हणाले. मघाशी तंत्रज्ञ बाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, “खोकं बाहेर काढलंय, काका. बर्फावर वितळायला ठेवलंय. मला आज दुसऱ्या खोलीत बसवलंय, ओतायला वेगळी माणसं आहेत.” त्यानंतर समोरच्या खोलीत दोन जण गेले व दार लावून घेतले. कुपी अजून बर्फावर आहे की बाटलीत गेली, हे अर्ज देतेवेळी मला माहीत नाही.

दोन वाजेपर्यंत व त्यानंतरही बाकावरच असलेला,

आपला नम्र,
(सही)
मृत सहभागी महिलेचा पती

गुरुवार, दुपारी पाऊण वाजता

सोबत : मृत्यूच्या दाखल्याची प्रत. कारणाच्या रकान्याखाली रेघ मारली आहे.