आईच्या ओळीसमोरची जागा

आबा, तुमचा नातू आता शिक्रापूरच्या एका कारखान्यात ऑफिसात कामाला आहे. परवा त्याने मला कॉम्प्युटरवर एक ईमेल दाखवली. उत्तर लिहायला घेतलं की समोरच्याचा मजकूर खाली तसाच येतो, आणि तो त्याचा आहे हे कळावं म्हणून डाव्या बाजूला कॉम्प्युटर आपणहून एक उभी रेघ ओढतो. साहेबाने बरंच काय काय विचारलं होतं. या पठ्ठ्याने वर नुसतं 'ओके' लिहिलं. "ओके कशाला?" मी म्हटलं. "सगळ्यालाच, आत्या," म्हणाला. मला हसू आलं. तसली रेघ मी तुमच्या हातची पाहिली आहे.

तुम्ही दौंडला रेल्वेत, आम्ही शिरूरला. मामा शिरूर-दौंड एसटीवर कंडक्टर, त्यामुळे टपालाची गरज नव्हती. आई वहीचा कागद मधोमध दुमडायची, डाव्या अर्ध्यात आपलं विचारणं लिहायची आणि मामाच्या हाती द्यायची. तुम्ही उजव्या अर्ध्यात, ओळीसमोर ओळ, उत्तरं लिहून तोच कागद परत पाठवायचात. शेळी विकू का? नको. शेवगा छाटू का? छाट. असा तुमचा संसार चालला होता, आणि तसा बरा चालला होता.

मी मॅट्रिक झाले तेव्हा खुटबावचे पाहुणे मला बघून गेले होते. त्यांना काहीतरी कळवायला हवं होतं. आईने लिहिलं, 'पोरीला कालेजात घालू का'. कागद परत आला तर बाकी सगळ्या ओळींना उत्तर, आणि या एका ओळीसमोर काहीच नाही. मी तो कागद उजेडाला धरूनसुद्धा पाहिला. दुसऱ्या दिवशी आईने पाहुण्यांना नकार कळवला आणि मला घेऊन कॉलेजात गेली.

तुम्ही सुटीवर आलात ते दारातूनच विचारत.

"कुणाला इचारून घातलं?"

"तुम्हांलाच की. कागदावर."

"मी कुठं व्हय म्हणलो?"

"मग न्हाई तरी कुठं म्हणला? न्हाई असतं तर लिव्हलं असतं."

"आन् व्हय असतं तर लिव्हलं नसतं?"

मी आतल्या दाराला टेकून उभी आहे. तुम्ही एक शब्द बोललात तर माझं नाव कॉलेजातून कमी होणार आहे, आणि मी रडूनही काही उपयोग नाही. तुम्ही हातपाय धुतलेत, पाटावर बसलात आणि म्हणालात, "वाढ." तो विषय पुन्हा निघाला नाही.

मात्र पुढचा कागद दौंडहून आला तो वेगळ्याच थाटात. तुम्ही आईची एकेक ओळ पुन्हा उतरवून काढली होती, तिच्या चुकांसकट. प्रत्येक ओळीच्या डावीकडे उभी रेघ, आणि खाली तुमचं उत्तर. त्यानंतर तुम्ही कायम तसंच लिहिलंत. आई वैतागायची. "माझंच मला वाचाया धाडत्यात," म्हणायची. पण एकही ओळ परत सुटली नाही.

पुढे मला नोकरी लागली. तुम्ही रिटायर झाल्यावर कधी कधी माझ्या ऑफिसात येऊन बसायचात, शिपायाला सांगायचात, "ही माझी पोरगी." त्या कोऱ्या जागेत काय लिहिणार होतात, हे तेव्हा विचारता आलं असतं. लिहायचं राहून गेलं, की 'नको' लिहायला हात धजला नाही? चहा यायचा, तुम्ही बशीत ओतून प्यायचात, आणि मी फायलीत डोकं घालायचे.

तुम्ही मला कधी खोटं सांगितलं नाहीत, आबा. म्हणूनच विचारलं नाही; 'नको'च लिहिणार होतात, तर तसं खरं सांगून टाकलं असतंत. आज तुमच्या माघारी इथे लिहून विचारते आहे, कारण याचं उत्तर येणार नाही, आणि त्याचं मला बरंच वाटतं आहे.