कानामागची तीट

प्रिय आई,

ईराला आत्ताच ऑपरेशनसाठी आत नेलं. तिचं टोपडं तेवढं माझ्या हातात राहिलं. तुमचा अमोल औषधं आणायला खाली गेलाय. तुम्ही गेल्यापासून मनासारखं भांडायला घरात कोणी उरलं नाही, म्हणून तुम्हालाच लिहितेय.

तुमच्या नातीचा डावा डोळा अजून तसाच आहे. सकाळी पापण्या चिकटलेल्या, मग दिवसभर पाणी. तुम्ही म्हणायचात, "दृष्ट लागलीय पोरीला, दुसरं काही नाही." अहो, दृष्ट कसली? डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची नळीच जन्मापासून बंद आहे. डॉक्टरांनी मालिश सांगितलं होतं, बहुतेक मुलांची वर्षभरात उघडते म्हणाल्या होत्या. पण तुमच्यासारखं करंगळीने हळूच दाबायला मला कधी जमलंच नाही. तुमच्या मांडीवर ती झोपून जायची, माझ्या मांडीवर किंचाळायची. तुम्ही असतात तर उघडली असती का हो?

आता बारीक तार घालून नळी मोकळी करणार आहेत. "छोटंसं काम आहे, काळजी करू नका," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचं ठीक आहे. एवढ्याशा जिवाला भूल द्यायची आणि मी काळजी करायची नाही?

खरी काळजी कसली लागलीय ते सांगते, हसू नका. तुमचं काजळ. एरंडेलाच्या दिव्यावर ताट धरून घरी केलेलं. ते डोळ्यात घालायचं नाही म्हणून मी केवढा वाद घातला होता! शेवटी "बरं बाई, तुम्ही शिकलेल्या," म्हणत तुम्ही कानामागे तीट लावायला लागलात. मला तेही खटकायचं. आणि आज धायरीच्या घरून निघताना मीच तुमची डबी उघडली आणि तिच्या कानामागे तीट लावली.

आत नेताना सिस्टरने ती ओल्या कापसाने पुसून टाकली. "इथे हे चालत नाही मॅडम." तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. माझा, बरं का.

डबी पर्समध्येच आहे. मघापासून झाकण उघडतेय, लावतेय. बोट काळं झालंय. तुम्ही काय बोलला असतात ते मला इथे ऐकू येतंय.

तुम्ही गेलात त्या दिवशी ईरा माझ्या कडेवर होती आणि डोळा वाहत होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बघा, लेकरू आजीसाठी रडतंय." मी त्यांना नळीचं काही सांगितलं नाही. ते ऐकून मला बरं वाटलं होतं.

थांबा. आतून रडण्याचा आवाज येतोय.

आली, आई. घसा फोडून रडली आणि आता माझ्या खांद्यावर झोपलीय. नळी मोकळी झाली म्हणाल्या डॉक्टर.

काजळ तिच्या डोळ्यात कधीच जाणार नाही, तो वाद मी जिंकले. पण कानामागे तीट रोज लावीन. डबी संपली की एरंडेलाचा दिवाही लावीन, शब्द देते. आणि आता ती तुमच्या फोटोसमोर उभी राहील तेव्हा तिचा डोळा कोरडा असेल. वाईट वाटून घेऊ नका. वाहायला माझे आहेत ना.

तुमची भांडकुदळ सून,
मृणाल