शिवणकामवालीचं सोल्डरिंग

चि. भावजी यांस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. (तुमचे केस माझ्याआधी पिकले असले तरी नात्यानं मी मोठी, तेव्हा चि. लिहिणारच.) जाऊबाईंची कंबर कशी आहे? त्यांना म्हणावं, वाकून काही उचलू नका, तुम्हाला हाक मारा. आमचं इकडे बरं चाललं आहे. लिहिणारीची दोन बोटं भाजली आहेत, अक्षर वाकडं दिसलं तर सांभाळून घ्या. तुम्ही कामात असता, एवढ्या लांब यायची मुळीच धावपळ करू नका, हे आधीच सांगते.

आता बोटं भाजली कशी, ते. अर्धांगाचा झटका आल्यापासून तुमच्या दादांचा उजवा हात मांडीवर पडून असतो, ते तुम्ही दवाखान्यात पाहिलंच आहे. व्यायाम शिकवायला एक बाई येतात, त्यांनी रबरी चेंडू दिला, रोज दाबा म्हणाल्या. हे चेंडू खिशात घालतात आणि बाई आल्या की बाहेर काढतात. मी रागावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, अबोलाही धरला. (अबोल्याचा तर ह्यांना आरामच वाटला.) शेवटी बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हा हात आता हलला नाही तर पुढे हलायचं विसरूनच जाईल, त्यांना मनापासून आवडेल असं काहीतरी हाताला द्या. ह्यांना आवडतं काय? बस चालवणं. ती घरात कुठून आणू? मग आठवलं, आमच्या लग्नानंतर तुम्हीच चहाडी केली होती, की तुम्ही दोघं भाऊ शिकवणीला दांडी मारून सायकलच्या दुकानामागे, नाणं टाकून खेळायच्या त्या यंत्राला चिकटून असायचात. वरून दगड पडतात, खाली आपलं विमान, दांडा डावी-उजवीकडे करून ते वाचवायचं, तो खेळ.

तर तसलं यंत्र घरी जोडायचं सामान मिळतं. सर्किटची पाटी, छोटा पडदा, दांडे, बटणं, वायरी, आणि खोक्यावर लिहिलेलं, नवशिक्यांसाठी अगदी सोपं. (असं ज्यावर लिहिलेलं असतं ते कधीच सोपं नसतं, पण खोकं फोडल्यावर परत घेत नाहीत.) फक्त सोल्डरिंग यायला हवं. मी म्हटलं, त्यात काय मोठंसं? सगळा जन्म शिवणयंत्रावर गेला. तिथे दोऱ्यानं जोडायचं, इथे तार वितळवून जोडायचं. पण घोडं तिथेच पेंड खात होतं. सोल्डरिंगची ती तापलेली कांडी पेनासारखी मागे धरायची असते, मी सुई धरते तशी टोकाशी धरली. पुढचं लिहीत नाही, शेजारचे विचारायला आले होते एवढंच सांगते.

मग काम पक्कं व्हावं म्हणून मी प्रत्येक ठिकाणी दुहेरी टाका घातला, म्हणजे तार सढळ हातानं वितळवली. तिचे गोळे झाले, शेजारशेजारच्या जागा एकमेकींना चिकटल्या आणि एक बटण दाबलं की दोन चालायला लागली. खालच्या मजल्यावर रेडिओ दुरुस्त करणारे राहतात, त्यांना पाटी दाखवली. त्यांनी चष्मा पुसून ती दोनदा उलटसुलट करून पाहिली. मग दुःखाच्या घरी भेटायला गेल्यावर बोलतात तशा आवाजात म्हणाले, ताई, आधी जागा तापवायची, मग तार टेकवायची, आणि जरा हात आखडता घ्यायचा. इथेही तार पुन्हा वितळवून उसवता येतं हे त्यांच्याकडूनच कळलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला आणि मी निम्मी पाटी उसवली. हे खुर्चीत बसून सगळं बघत होते, पण तोंडावरची माशी हलेल तर शपथ.

अखेर पडदा उजळला. मी ह्यांचा हात उचलून दांड्यावर ठेवला आणि पाठ फिरवली, उगाच संकोच नको. ह्यांनी आपणहून बोटं वळवली बरं का भावजी, मी चोरून पाहिलं! दांडा डावीकडे रेटला. विमान उजवीकडे गेलं. उजवीकडे रेटला, विमान डावीकडे. मग डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "मला डावं-उजवंही कळेनासं झालं गं."

ज्या माणसानं जन्मभर भरलेली बस गल्लीबोळातून काढली, त्याच्या तोंडून हे! दमला असाल म्हटलं, आणि स्वयंपाकघरात नळ सोडून रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते चालूच राहिलेलं यंत्र डोळ्यांसमोर नको म्हणून उचलायला गेले, तर दांड्याला धक्का लागला आणि विमान भलतीकडेच पळालं. आधी वाटलं, माझंही डोकं गेलं. (एका घरात दोघांचं एकदम?) मग पुस्तिका काढली. चित्र पाटीच्या मागच्या बाजूनं, म्हणजे जोडताना दिसतं तसंच काढलेलं होतं, उलटायची गरजच नव्हती. पण मला कापड उलटं घालून सुलटं मनात धरायची जन्माची सवय, मी ते चित्रही मनात उलटून घेतलं होतं. डावीची वायर उजवीला, उजवीची डावीला! आपली चूक सापडल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. धावत जाऊन म्हटलं, "अहो, तुमचं डोकं जागेवर आहे, माझंच फिरलंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं, आणि मग तुमचे दादा हसले. म्हणाले, तुझं लायसनच काढून घेतलं पाहिजे.

वायरी बदलायला बसले तर तीच अडचण. या कामाला हात तीन लागतात, कांडीला एक, तारेला एक आणि वायर धरायला एक. इतके दिवस मी वायर कात्रीखाली दाबून ठेवत होते. या वेळी न बोलवता ह्यांनी खुर्ची ओढली आणि उजव्या हातानं वायर धरली. थरथरत होती, पण सोडली नाही. मी कांडी टेकवली. तो जोड रेडिओवाल्यांना दाखवायची सोय नाही, पण डावं आता डावीकडे जातं, आणि हे रोज खेळतात. विमान फुटलं की दोष माझ्या सोल्डरिंगला.

चहा उतू जातोय, म्हणून इथेच आवरते. मुलांना पापा.

तुमची,
वहिनी

ता. क. खेळ दोघांचा आहे. दुसरा दांडाही जोडून ठेवलाय. समोर मी बसते, पण ह्यांना त्यात राम वाटत नाही. माझ्याशी खेळणं म्हणे रिकाम्या रस्त्यावर बस चालवण्यासारखं आहे. वर येऊ नका लिहिलंय, ते खोडलं असं समजा. तुम्ही फोनवर माझ्याकडेच प्रकृती विचारता आणि ह्यांच्याकडे देते म्हटलं की घाईनं ठेवून देता. मला कळतं हो. धाकट्याला थोरल्याकडे असं बघवत नाही. पण तुमचा फोन आला की हे टीव्हीचा आवाज बारीक करतात, हे तुम्हाला माहीत असावं.

ता. क. पुन्हा. पाकीट बंद करत होते, तर ह्यांनी पत्र मागून घेतलं, सगळं वाचलं आणि पेन मागितलं. उजव्या हातात. मी कागद धरून बसले होते. खालची ओळ त्यांची आहे.

ही फार लिहिते. तू ये.